हटवायचं कुणाला, बाईला की धुराला?

१९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या एका कीटकनाशक कारखान्यातले कामगार आपापसांत बोलू लागले, की आपल्या विभागात बऱ्याच दिवसांत कुणाच्याच घरी पाळणा हललेला नाही. तपासण्या झाल्या. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी होते, काहींच्या वीर्यात तर एकही नव्हता. रसायन होतं डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, पिकांच्या मुळांवरचे सूत्रकृमी मारणारं. सरकार इतक्या चटकन हललं की नवल वाटावं. त्याच वर्षी तातडीचा आदेश निघाला, मार्च १९७८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेत या रसायनाची मर्यादा एक अब्ज भागांत एक भाग इतकी खाली आणली गेली, आणि १९७९ मध्ये त्याचे बहुतेक वापर थांबले. पीच बागायतदारांच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने मात्र सरकारला लिहिलं होतं, की ज्यांना नसबंदी करून घ्यायचीच आहे अशांनी हे काम स्वेच्छेने पत्करावं. ते पत्र आजही निर्लज्जपणाचा नमुना म्हणून सांगितलं जातं.

त्याच १९७८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे, अमेरिकन सायनामिड कंपनीच्या कारखान्यात, वेगळंच काही चाललं होतं. तिथल्या रंगद्रव्य विभागात शिशाची संयुगं वापरली जात. शिशाची धूळ श्वासातून रक्तात आणि रक्तातून गर्भात जाते, हे कंपनीला ठाऊक होतं. त्यावर तिने काढलेला तोडगा असा, की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला या विभागात काम मिळणार नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतल्याचा पुरावा आणला तर मिळेल. बऱ्या पगाराची नोकरी टिकवण्यासाठी पाच जणींनी शस्त्रक्रिया करून घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कंपनीचं धोरण म्हणजे कायद्याच्या अर्थाने ‘कामाच्या जागेचा धोका’ नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. तोवर तो विभागच बंद झाला होता.

पीच बागायतदाराच्या पत्रातली सूचना आणि विलो आयलंडचा नियम यांत तत्त्वाचा काय फरक आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. रसायन पुरुषांच्या अंगावर उठलं तेव्हा रसायन हटलं. बाईच्या पोटातल्या बाळावर उठलं तेव्हा बाई हटली. हा अन्याय आहे, ते उघडच आहे. पण अन्यायाचं बोलणं ऐकून घेऊन ‘बाळासाठी तेवढं सोसायला हवं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सांगायचं ते हे, की बाईला हटवून बाळही वाचत नाही. कारखान्याच्या धुराचा गर्भावर परिणाम कसा होतो हे नीट पाहिलं, तर हवा स्वच्छ करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

हटवण्याची सवय जुनी आहे. १८६० मध्ये पॅरिसमधले डॉक्टर कॉन्स्टँटिन पॉल यांनी शिशात काम करणाऱ्या बायकांमधले गर्भपात आणि मृत जन्म नोंदवले. ज्यांचे फक्त नवरे शिशात काम करत होते अशा बायकांचे गर्भही टिकत नव्हते, हेही त्यांनी लिहून ठेवलं. पुढच्या पिढ्यांनी त्यातला सोयीचा अर्धा भाग घेतला. ब्रिटनने १८९८ मध्ये पांढऱ्या शिशाच्या, म्हणजे रंगात घातल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगाच्या, सर्वांत धोकादायक कामांतून बायकांना बाहेर काढलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९२१ च्या कराराने इमारतींच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरायला बंदी घातली, ती मोठीच गोष्ट होती. पण जिथे ते चालू राहणार होतं तिथल्या औद्योगिक रंगकामातून अठरा वर्षांखालची मुलं आणि झाडून सगळ्या बायका वगळल्या. नवरे मात्र कामावर राहिले.

आता शरीराकडे वळू. गर्भ स्वतः श्वास घेत नाही. आईने घेतलेला श्वास रक्तावाटे वारेपर्यंत (प्लॅसेंटापर्यंत) येतो आणि तिथून नाळेतून आत जातो. वार म्हणजे बाळाभोवतीची तटबंदी, अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती. वारेचं काम तर मुळात पोचवण्याचं. जे रेणू लहान आहेत आणि चरबीत सहज विरघळतात ते तिच्यातून फारसा अडथळा न होता पार होतात, आणि रंग, थिनर, गोंद, छपाईची शाई यांतून उडणारी टोल्यूइन-झायलीनसारखी द्रावकं नेमकी याच जातीची. पाऱ्याची वाफही तशीच. श्वासातून गेलेल्या पाऱ्याच्या वाफेचा साधारण ८० टक्के भाग आईच्या शरीरात राहतो. त्यातला काही पारा वार ओलांडतो आणि गर्भाच्या ऊतींमध्ये रूप बदलून अडकतो. घन कण तरी वारेत गाळले जात असतील, ही आशाही २०१९ मध्ये मावळली. बेल्जियममधल्या हॅसल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले, आणि २०२२ मध्ये त्याच गटाने ॲबरडीनच्या सहकाऱ्यांसोबत गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही ते दाखवले. जन्मल्यावर पहिला श्वास घेण्याआधीच.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. भट्ट्या, ओतकाम, बंद जागेत चालणारी इंजिनं, जिथे म्हणून अर्धवट ज्वलन होतं तिथे हा वायू असतो. त्याला रंग नाही की वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. गर्भाच्या रक्तात तो हळूहळू चढतो, शेवटी आईच्या रक्तापेक्षाही थोडा अधिक साठतो आणि उतरायला कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणजे भट्टीजवळ गरगरलेली बाई मोकळ्या हवेत येऊन पाणी पिते, गरगरणं थांबतं, ती म्हणते आता बरं वाटतंय. तिचं म्हणणं खरंच असतं. बाळाचा ऑक्सिजन मात्र अजून अडलेला असतो. आईला जेमतेम विषबाधा झालेली असताना गर्भ दगावल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. कामगाराला त्रास होतोय का, एवढंच विचारणारी सुरक्षाव्यवस्था इथे फसते.

त्यात गरोदरपणी बाईच्या फुप्फुसांतून मिनिटाला जाणारी हवा साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाइतकाच वेळ, त्याच हवेत उभी राहून ती त्याच्याहून अधिक धूर आत घेते. तोंडाला फडकं बांधून वा साधा मास्क लावून कण थोडे अडतील. द्रावकाची वाफ अडत नाही, आणि काही द्रावकं तर कातडीतूनही आत शिरतात.

यावर ‘दिवस गेल्याचं कळवा, लगेच दुसऱ्या कामावर पाठवू’ हे उत्तर ठरलेलं असतं. उत्तर माणुसकीचं वाटतं, पण कॅलेंडर त्याच्या बाजूने नाही. गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटलेली असते. हृदय, हात-पाय, चेहरा यांची घडण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. पाळी चुकते तीच मुळी गर्भधारणेला दोन आठवडे होत आल्यावर. मग चार-आठ दिवस वाट पाहणं, चाचणी, घरी सांगणं, आणि ज्या मुकादमाच्या मर्जीवर काम टिकतं त्याला कधी सांगायचं याची चिंता. बदलीचा कागद निघेपर्यंत ज्या घडणीला सगळ्यांत जास्त जपायला हवं होतं ती बव्हंशी उरकलेली असते. हंगामी किंवा कंत्राटी बाईला तर बदलीचा कागद नसतोच. तिला फक्त उद्यापासून येऊ नको म्हणतात. हे माहीत असल्यावर ती कळवेल तरी कशाला?

आणि शिसं तर कॅलेंडरही जुमानत नाही. ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना बाळासाठी कॅल्शियम हवं म्हणून शरीर हाडं झिजवतं, तेव्हा जुनं शिसं पुन्हा रक्तात उतरतं आणि वारेतून थेट पार होतं. नाळेतल्या रक्तात त्याची पातळी आईच्या पातळीच्या जवळपास पोचते. बॅटरीच्या कारखान्यातली नोकरी पाच वर्षांपूर्वी सोडून घरी बसलेली बाई आज गरोदर राहिली, तर तिला कुठून हटवणार?

बापाचा मुद्दा लॅथ्रॉपने कायमचा निकालात काढायला हवा होता. शिशानेही शुक्राणू बिघडतात. शिवाय कामावरच्या कपड्यांवर, बुटांवर, केसांत बसलेली धूळ घरी येते, आणि ती झटकण्याचं, धुण्याचं काम बहुधा घरातली बाईच करते.

मग फाटकाबाहेरच्यांचं काय, हा प्रश्न उरतो. कामगार बाईला बदली तरी देता येते. भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईला कुणी बदली देत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेट वस्तीवर पसरलं. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधक दया वर्मा यांच्या पाहणीत त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ बायकांची माहिती आहे: त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांची गर्भारपणं जिवंत बाळ जन्माला न येताच संपली, आणि जी ४८६ बाळं जिवंत जन्मली त्यांतली १४ टक्के महिन्याच्या आत गेली. आधीच्या दोन वर्षांत हे बालमृत्यूचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होतं. भोपाळ ही दुर्घटना होती, रोजचा धूर नव्हे, असं म्हणता येईल. रोजच्या धुराचा पुरावा उलट्या दिशेने मिळतो, धूर थांबल्यावर. युटा राज्यातली एक पोलाद गिरणी कामगार-मालक तंट्यात १९८६-८७ मध्ये तेरा महिने बंद राहिली. त्या काळात गर्भार राहिलेल्या आसपासच्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाल्याचं नंतर दिसलं. चीनमधल्या टोंगलियांग शहरातलं कोळशावरचं वीजकेंद्र २००४ मध्ये बंद केल्यावर, नंतर जन्मलेल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात धुरातल्या रसायनांनी जनुकद्रव्याला केलेली इजा आधीच्या बाळांपेक्षा कमी आढळली. कॅलिफोर्नियात २००१ ते २०११ या काळात कोळसा आणि तेलावरची आठ वीजकेंद्रं बंद झाली, आणि त्यांच्या पाच किलोमीटरच्या आतल्या वस्त्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आलं. त्यासाठी कुणाला घर बदलावं लागलं नाही, मास्क लावावा लागला नाही. बदललं ते धुराड्यातून बाहेर पडणारं.

उद्योगांचा आवडता आक्षेप पुराव्याचा असतो, आणि तो सगळाच खोटा नाही. एकेका रसायनाबद्दल बोट ठेवून सांगावं इतकी खात्री फार थोड्या ठिकाणी आहे. टोरँटोमधल्या १९९९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात कामावर सेंद्रिय द्रावकांशी संबंध आलेल्या १२५ गरोदर बायका होत्या आणि तुलनेला तितक्याच दुसऱ्या. पहिल्या गटात गंभीर जन्मजात व्यंगं १३, दुसऱ्यात १. संख्या लहान आहे, आणि या बायका सल्ला घ्यायला स्वतःहून आलेल्या होत्या. त्यावरून सगळ्या जगाचा हिशेब मांडता येणार नाही. पण त्यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ज्या ७५ जणींना काम करताना डोकेदुखी, चक्कर, श्वासाचा त्रास अशी काहीतरी लक्षणं होती, त्यांच्यात १२ व्यंगं होती. लक्षणं नसलेल्या ४३ जणींमध्ये एकही नव्हतं. म्हणजे मात्रा मोजण्याचं यंत्र नसलं, तरी त्या बायकांची शरीरं मात्रा सांगत होती. द्रावकाच्या वासाने डोकं दुखणं हा नाजूकपणा समजून हसण्यावारी नेणाऱ्यांनी हे वाचावं. आणि हेही स्पष्ट लिहायला हवं, की अशा कामांतल्या बहुतेक बायकांना धडधाकट मुलं होतात. आधीच काळजीत असलेल्या गरोदर बाईला घाबरवून काही साधत नाही, आणि बाळात काही कमी निघालं तर तिने नोकरी का केली असं विचारणं तर क्रूरपणाच.

पुरावा कमी पडण्याचं कारणही पाहायला हवं. सुरुवातीच्या आठवड्यांत झालेला गर्भपात कुणाच्या वहीत जातो? यंत्रात बोट कापलं गेलं तर नोंद होते. आठव्या आठवड्यात गर्भ गेला तर दोन दिवसांची रजा मांडली जाते, तीही बिनपगारी. मोजलंच नाही तर सापडणार काय? सेमीकंडक्टर उद्योगाने हे पुरतं दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या हडसन इथल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या कारखान्यात चिप बनवणाऱ्या बायकांमध्ये गर्भपात वाढल्याचं १९८६ मध्ये आढळलं. दुसऱ्या एका बड्या कंपनीने लगोलग काय केलं? गरोदर बायकांना त्या कामावरून हलवलं. मग उद्योगाने स्वतः मोठे अभ्यास करवले, आणि १९९२ मध्ये त्यांचेही निष्कर्ष त्याच दिशेने गेले. संशयाची सुई एथिलीन ग्लायकॉल ईथर या द्रावकांवर स्थिरावली. ती द्रावकं बदलली गेली. चिपचा उद्योग काही बुडाला नाही, हे आपल्यासमोर आहे. पर्यायी द्रावक १९८६ मध्येही शोधता आलं असतं. तेव्हा बाईला हलवणं स्वस्त पडत होतं, इतकंच.

मर्यादा ठरवण्याच्या पद्धतीतच हा स्वस्तपणा मुरलेला आहे. कामाच्या ठिकाणच्या हवेतल्या रसायनांच्या मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला चाळीस तास काम करणारा निरोगी प्रौढ डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जातात. गर्भाला सुट्टी नसते आणि तो प्रौढही नसतो. किरणोत्साराच्या बाबतीत मात्र जगाने हा विचार केव्हाच केला: कामगारासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, पण गरोदरपण जाहीर झाल्यावर उरलेल्या महिन्यांत गर्भाला सुमारे १ मिलिसिव्हर्टहून अधिक नको. रसायनांसाठी असा वेगळा आकडा सहसा नसतोच. जर्मनीच्या एमएके आयोगाने निदान प्रामाणिकपणाची एक व्यवस्था केली आहे. रसायनांच्या मर्यादा ठरवताना तो ती गर्भाच्या दृष्टीने चार गटांत टाकतो. पहिल्या गटात मर्यादा पाळूनही गर्भाला इजा होते हे सिद्ध झालेली, आणि शेवटच्यात निर्णय करण्याजोगी माहितीच नसलेली. माहिती नाही हे छापून सांगणं हीसुद्धा माहितीच. इतर बहुतेक देशांच्या तक्त्यांत ती जागा कोरी असते आणि कोऱ्या जागेचा अर्थ ‘सुरक्षित’ असा लावला जातो.

यावर स्वातंत्र्याच्या बाजूने एक प्रश्न येतो, आणि तो मला जड वाटतो. बाईला धोका पत्करायचा असेल तर तिला अडवणारे आपण कोण? जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीने १९८२ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या सगळ्या बायकांना शिशाच्या कामातून वगळलं होतं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवलं आणि होणाऱ्या मुलांच्या हिताचा निर्णय आई-बापांवर सोडावा असं म्हटलं. निकाल योग्यच होता. पण तो अर्धाच. बाईला शिशाच्या हवेत शिरण्याचा हक्क मिळाला, हवेतलं शिसं होतं तिथेच राहिलं. पगार हवा असेल तर विष श्वासात घे, नको असेल तर घरी बस, या दोनांतून एक निवडण्याला मी तरी मोकळी निवड म्हणणार नाही.

करण्यासारखं काय, हे गूढ नाही. युरोपीय संघाच्या १९९२ च्या गरोदर कामगारांविषयीच्या निर्देशात क्रम लिहिलेला आहे: आधी कामाची जागा आणि पद्धत सुधारा, ते जमलं नाही तर दुसरं काम द्या, तेही नसेल तर रजा. हा क्रम उलटा चालवला जातो, कारण रजा बाईच्या खिशातून जाते. म्हणून बदलीच्या आणि रजेच्या काळात पगारात एका पैशाची कपात नको, ही अट सगळ्यांत महत्त्वाची. अमेरिकेच्या १९७८ च्याच शिशाच्या नियमात ती होती: रक्तात शिसं वाढल्याने कामावरून हटवलेल्या कामगाराला, पुरुष असो की बाई, अठरा महिन्यांपर्यंत पूर्वीचाच पगार. हटवण्याचा खर्च मालकावर पडू लागला की धूर शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याचा हिशेब त्याला आपोआप जमतो. त्याच नियमाने मूल व्हावं अशी इच्छा असलेल्या पुरुषांनाही आणि बायकांनाही रक्तातलं शिसं दर १०० ग्रॅम रक्तात ३० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवायला सांगितलं होतं. तो आकडा आज फार मोठा वाटतो. अमेरिकेतच लहान मुलांच्या बाबतीत एक डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम आढळलं की लक्ष घालावं असं २०२१ पासून ठरलं आहे. पण दोघांसाठी एकच आकडा, हे तत्त्व बरोबर होतं.

२०२४ मध्ये युरोपीय संघाने शिशाची हवेतली मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅमवरून ०.०३ वर आणली, आणि रक्तातली १०० मिलिलिटरला ७० मायक्रोग्रॅमवरून १५ वर. रक्ताच्या मर्यादेला २०२८ च्या अखेरीपर्यंत ३० ची सवलत आहे. पाचपट कडक मर्यादा एका कायद्यात बसू शकते, हे त्यावरून दिसतं. त्याच कायद्यात मूल होऊ शकणाऱ्या बायकांच्या रक्तासाठी मात्र ४.५ ची वेगळी शिफारस आहे. रक्तातलं शिसं ४.५ आणि १५ यांच्या मध्ये नेणाऱ्या हवेत काम करायला बाईला घ्यायचं की नाही, हा प्रश्न उद्या एखाद्या मालकापुढे येईलच, आणि विलो आयलंडवाल्यांनी शोधलेलं उत्तर त्याच्या हाताशी तयार असेल. शिफारशीतला तो लहान आकडाच सगळ्यांसाठीची मर्यादा का नाही, हे विचारायची वेळ २०२८ च्या आधीची आहे.